जुनी नकाशा-कार्डे, नवे यंत्र आणि आपली ऊस नोंद



ऊस नोंदीच्या कामासाठी शेतकी खात्याने गट कार्यालयांना हातात धरायची नवी जीपीएस यंत्रे दिली आहेत. जुनी यंत्रे बरीच वर्षे आमच्या चिटबॉयच्या गळ्यात लटकून शिवारभर हिंडली. बटणे झिजली, काचेवर चरे पडले, सेलच्या खणाचे झाकण रबराने बांधायची वेळ आली. आता त्यांना विश्रांती द्यायची आहे.

पण नवे यंत्र आले तसे बांधावर प्रश्नही आले. "साहेब, आमची जुनी मोजणी गेली म्हणायची का?" "जुन्याचे कार्ड काढून नव्यात घातले की झाले, त्यात एवढे काय?" "नव्या यंत्रात क्षेत्र कमी दाखवतंय, मग खरे कोणते?" प्रश्न रास्त आहेत. यंत्र खात्याचे असले तरी त्यात लिहिलेले शेत तुमचे आहे. त्यावरच टनेजचा अंदाज बांधला जातो, तोडणीचा क्रम लागतो आणि टोळी कोणत्या रानात उतरायची हे ठरते. म्हणून हा सारा प्रकार सभासदांना समजेल अशा भाषेत येथे सांगत आहोत.

यंत्रात असते तरी काय?

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की यंत्रातल्या नखाएवढ्या कार्डातच सगळे असते. तसे नाही. यंत्रात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाठीमागचा नकाशा. गाव, रस्ता, ओढा, कालवा, पाणंद हे पडद्यावर दिसते ते यातून. हा नकाशा बहुधा कार्डावर असतो. दुसरी गोष्ट म्हणजे खुणा. विहीर, बांधाचा कोपरा, वजनकाटा, अशा एकेका जागेची नोंद. तिसरी गोष्ट म्हणजे वाट. चिटबॉय तुमच्या उसाच्या कडेने चालत गेला, त्याच्या पावलांची रेघ. क्षेत्र निघते ते या रेघेवरून.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जुन्या यंत्रांत खुणा आणि वाटा कार्डावर नसतात, त्या यंत्राच्या पोटात असतात. म्हणजे कार्ड काढून नव्या यंत्रात घातले तर नकाशा येईल, पण तुमच्या प्लॉटची रेघ जुन्यातच राहील. घर बदलताना भिंतीवरचे कॅलेंडर नेले आणि कणगी तिथेच विसरली, असा तो प्रकार.

त्या पोटालाही माप असते. उदाहरणच द्यायचे तर, २००६ च्या सुमारास आलेल्या गार्मिनच्या ६०सीएसएक्स या यंत्रात १००० खुणा मावतात, पण जतन केलेल्या वाटा फक्त २०, आणि एका वाटेत जास्तीत जास्त ५०० बिंदू. वाट जतन केली की यंत्र तिच्यातले जादा बिंदू गाळते आणि बिंदूंची वेळही पुसून टाकते. म्हणून अशी यंत्रे वरचेवर गट कार्यालयातल्या संगणकात रिकामी करावी लागतात. ज्या गटात हे वेळच्या वेळी झाले तिथले काम सोपे आहे. जिथे चालढकल झाली तिथे आता घाम गाळावा लागणार. यात आमचीही कसूर आहे, ती कबूल करतो.

कार्डाचे कुलूप

आता कार्डाकडे वळू. कार्डावरच्या नकाशांचे तीन प्रकार पडतात, आणि कोणता नकाशा नव्या यंत्रात येईल हे त्यावरच ठरते.

(१) कुलूप कार्डाला. कंपनीने नकाशा भरूनच विकलेले कार्ड या प्रकारात येते. ते उचलून त्याच कंपनीच्या, ते वाचू शकणाऱ्या नव्या यंत्रात घातले तर चालते. पण त्यातली फाईल दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवून घेतली तर नकाशा उघडत नाही, कारण तो त्या मूळ कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. असे कार्ड मोडले की नकाशा गेलाच समजावे.

(२) कुलूप यंत्राला. नकाशा तबकडीवरून किंवा संगणकावरून विकत घेतला आणि परवाना एका यंत्राच्या क्रमांकावर काढला, तर तो त्याच यंत्रात उघडतो. कार्ड नव्या यंत्रात बसेल, पण पडदा कोराच राहील. येथे यंत्रात बिघाड नसतो. ज्याच्या नावची तोडचिठ्ठी त्याच्याच फडात चालायची, तसाच हा नियम. त्यासाठी नवा परवानाच घ्यावा लागतो.

(३) बिनकुलपाचे. खुल्या माहितीवरून तयार केलेले नकाशे किंवा खात्याने स्वतः बनवलेले शिवाराचे नकाशे. हे कितीही कार्डांवर उतरवता येतात. आपल्या कामाचे बहुतांश नकाशे याच प्रकारचे असावेत असा आमचा प्रयत्न आहे, म्हणजे पुढच्या वेळी यंत्र बदलताना कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

कुलपाखेरीज कार्डाच्या अंगच्याही अडचणी असतात. जुन्या काही यंत्रांचे कार्ड टपाल तिकिटाएवढे, तर नव्यांचे करंगळीच्या नखाएवढे. लहान कार्ड खोबणीत घालून मोठ्या खणात बसवता येते, मोठे मात्र लहान खणात बसवता येत नाही. अशा वेळी संगणकातून मजकूर उतरवून घ्यावा लागतो, आणि तेव्हा पुन्हा वरचा कुलपाचा प्रश्न येतो. शिवाय २ जीबीपर्यंतची साधी कार्डे आणि ४ ते ३२ जीबीची पुढच्या पिढीची कार्डे यांची जात वेगळी. नवे यंत्र जुने कार्ड वाचते, पण फार जुने यंत्र नवे मोठे कार्ड ओळखत नाही. म्हणून "मोठे कार्ड आणले, जुन्यातच घालू, नवे यंत्र कशाला?" ही सूचना दर वेळी लागू पडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. गार्मिनच्या जुन्या यंत्रांना कार्डावर ठरावीक नावाची एकच नकाशा-फाईल लागते. त्याच नावाची दुसरी फाईल वर टाकली की पहिली पुसली जाते. दुसऱ्या गावाचा नकाशा भरायला जावे आणि पहिल्या गावाचा घालवून बसावे, असे यात सहज घडते. नव्या यंत्रांत वेगवेगळ्या नावांच्या फाईली शेजारी शेजारी ठेवता येतात.

तुमची नोंद कशी हलवतो?

आमच्या कामाचा क्रम असा ठेवला आहे.

पहिल्यांदा जुन्या यंत्राला हातच लावायचा नाही. आत जे आहे ते जसेच्या तसे संगणकात उतरवायचे आणि त्याच्या दोन प्रती करायच्या, एक गट कार्यालयात, एक मुख्य कार्यालयात. त्यानंतरच पुढचे काम.

दुसरे, खुणा आणि वाटा जीपीएक्स नावाच्या साच्यात करून घ्यायच्या. हा साचा २००२ साली आला आणि आज जवळजवळ सर्व कंपन्यांची यंत्रे तो ओळखतात. दूध कोणत्याही गावचे असो, कॅन एकाच मापाचा असला की संघाच्या गाडीत बसतो, तसा याचा उपयोग. कंपनी बदलली तरी नोंद अडकून पडत नाही.

तिसरे, नावे तपासायची. जुन्या यंत्रात नाव लिहायला दहाच अक्षरे बसत. त्यामुळे चिटबॉयने गट नंबर आणि आद्याक्षरे जोडून खुणेची नावे केली. त्या गटात एकाच आद्याक्षरांचे दोन भाऊ असले की कोणाचा प्लॉट कोणाचा हे त्या चिटबॉयलाच ठाऊक. म्हणून प्रत्येक वाटेपुढे सभासद क्रमांक लावल्याशिवाय ती नव्या यंत्रात भरायची नाही.

चौथे, नव्या यंत्रात भरल्यावर प्रत्येक गावात तीन ठाम जागी जाऊन बघायचे. ग्रामपंचायतीची पायरी, पुलाचा कठडा, विहिरीचा काठ, अशा न हलणाऱ्या जागा. तिथे उभे राहिल्यावर यंत्रातली खूण आणि आपले पाय पाच-सहा मीटरच्या आत जुळले तर ठीक. नाही जुळले तर त्या गावाची सगळी भरती थांबवायची.

पाचवे, जुने यंत्र चालू हंगामाचे गाळप संपेपर्यंत पुसायचे नाही.

तीन खड्डे

या कामात तीन खड्डे आहेत. तिन्ही वरून दिसत नाहीत.

पहिला खड्डा आकडे लिहिण्याच्या पद्धतीचा. जागेचा पत्ता अंश-मिनिटांत लिहितात. १ अंशाचे ६० मिनिटे, १ मिनिटाचे ६० सेकंद. पण काही यंत्रे सेकंद न दाखवता मिनिटाचे दशांश दाखवतात. १७ अंश १५.५० मिनिटे म्हणजे १५ मिनिटे ३० सेकंद. ते कोणी १५ मिनिटे ५० सेकंद असे वाचले तर २० सेकंदांचा फरक पडला. कागदावर तो क्षुल्लक दिसतो. जमिनीवर उत्तर-दक्षिण १ सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, तेव्हा २० सेकंद म्हणजे सहाशे मीटरच्या वर!

हे पुस्तकी उदाहरण नाही. मागे आमच्याच एका गटात यंत्र बंद पडले, म्हणून वहीतले आकडे हाताने भरले आणि नेमकी हीच चूक झाली. एका सभासदाचा एक एकर आडसाली ऊस नकाशात ओढ्यापलीकडे जाऊन बसला. पाळी आली तेव्हा टोळी ओढ्यापलीकडे गेली, तिथे उसाचा पत्ता नाही. मुकादमाने "प्लॉट आढळला नाही" असा शेरा मारला आणि टोळी पुढे गेली. सभासद बिचारा बांधावर वाट पाहत राहिला. तो चिठ्ठी घेऊन गट कार्यालयात आला आणि चूक सापडली, तोवर तीन आठवडे गेले. उसाला तुरा आला होता, वजन घटले. चूक आकड्याची, ती केली आम्ही, नुकसान मात्र त्याचे. तेव्हापासून हाताने आकडे भरणे आम्ही बंद केले आहे. यंत्रातून संगणकात आणि संगणकातून यंत्रात, मध्ये पेन नाही.

दुसरा खड्डा मोजणीच्या पायाचा. पृथ्वी वाटोळी खरी, पण अगदी चेंडूसारखी नाही. तिचा आकार कसा धरायचा याचे हिशेब वेगवेगळे आहेत. आपल्या देशातले जुने मोजणी नकाशे एव्हरेस्ट नावाच्या हिशेबावर बेतलेले आहेत. जीपीएस चालते ते डब्ल्यूजीएस-८४ या हिशेबावर. एकाच विहिरीचा पत्ता दोन्ही हिशेबांत काढला तर आपल्या भागात दोन जागांत शंभर मीटरहून अधिक अंतर पडते. यंत्राच्या पोटात नोंद डब्ल्यूजीएस-८४ मध्येच असते. पडद्यावर मात्र कोणता हिशेब दाखवायचा हे बदलता येते. म्हणून तारेने उतरवलेली नोंद बिनधोक, आणि पडद्यावरून वहीत उतरवलेली नोंद संशयास्पद. जुन्या नकाशाचा कागद संगणकात घेऊन कार्डावर भरला असेल तर तो कोणत्या हिशेबाचा, हे आधी पाहावेच लागते. शंभर मीटर म्हणजे तुमचा प्लॉट सरळ शेजाऱ्याच्या गटात!

तिसरा खड्डा तारखेचा. जीपीएसचे उपग्रह आठवड्यांची मोजणी ० ते १०२३ एवढीच पाठवतात. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. मोटारीच्या मीटरचे आकडे नव्व्याण्णवनंतर फिरतात तसे. हे १९९९ च्या ऑगस्टात झाले आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पुन्हा झाले. पुढची पाळी २०३८ च्या नोव्हेंबरात आहे. ज्या जुन्या यंत्रांना हे फिरणे उमगत नाही ती जागा बरोबर दाखवतात, पण तारीख १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षे मागची देतात. १५ जुलै २०२३ ची नोंद अशा यंत्रात २९ नोव्हेंबर २००३ म्हणून पडते.

वर्षाची चूक कोणाच्याही डोळ्यात भरेल. ती दुरुस्त करताना कोणी नुसते साल बदलले तर काय होईल? जुलैची आडसाली नोव्हेंबरची होऊन बसेल आणि तोडणीच्या क्रमात चार-साडेचार महिने मागे जाईल. म्हणून लागणीची तारीख यंत्रातून उचलायची नाही, सभासदाच्या सहीच्या नोंद अर्जावरूनच घ्यायची, असा नियम केला आहे.

क्षेत्र कमी-जास्त का दिसते?

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. "गेल्या वेळी ४५ गुंठे होते, यंदा ४० दाखवतंय. पाच गुंठे गेले कुठे?"

हातातले यंत्र उघड्या आभाळाखाली साधारण तीन ते पाच मीटरपर्यंत चुकू शकते. २००० सालाच्या मे महिन्यापूर्वी तर अमेरिकेने नागरी उपयोगाच्या लहरींत मुद्दाम चूक ठेवलेली होती, तेव्हा शंभर मीटरचाही फरक पडे. ती अडचण आता राहिली नाही. पुष्कळ नवी यंत्रे अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर रशियाच्या व युरोपच्या उपग्रहांच्याही लहरी घेतात, काही यंत्रे आपल्या नाविक उपग्रहांच्या घेतात. जास्त उपग्रह दिसले की झाडाखाली, उंच उसाशेजारी रेघ कमी हलते.

सगळी रेघ एकाच बाजूला तीन मीटर सरकली तर क्षेत्र बदलत नाही, जागा तेवढी सरकते. क्षेत्र बदलते ते रेघ वाकडीतिकडी झाली किंवा चालणारा कडेच्या बाहेरून चालला तर. हिशेब करून पाहा. ४० गुंठ्यांचा चौरस प्लॉट घेतला तर एक बाजू सुमारे ६३.६ मीटर. चालणारा चारी बाजूंनी २ मीटर बाहेरून, म्हणजे बांधाच्या पलीकडून चालला, तर बाजू ६७.६ मीटर होते आणि क्षेत्र भरते ४५ गुंठे. तेच १० गुंठ्यांचा तुकडा असेल तर सव्वाचौदा आणे बरोबर आणि वरचे पावणेदोन आणे चुकीचे असा किरकोळ मामला राहत नाही. १० चे साडेबारा गुंठ्यांहून अधिक होतात, म्हणजे चौथाईहून जास्त फरक! आणि ४ एकरांच्या प्लॉटमध्ये हीच चूक १६० गुंठ्यांवर दहा गुंठे एवढीच. तुकडा जितका लहान, तितकी चूक मोठी.

तेव्हा पाच गुंठे यंत्राने खाल्ले असे नाही. बहुधा ते मागच्या वेळी बांधात, पाणंदीत किंवा पाटात मोजले गेले होते. उलटही होऊ शकते. उसाच्या आतून चालल्यामुळे खरे क्षेत्र कमी भरलेले असू शकते. दोन आकड्यांत फरक आला तर कोणताही एक डोळे झाकून खरा मानायचा नाही. सभासदाला बरोबर घेऊन पुन्हा चालायचे, हा एकच उपाय.

जादा क्षेत्र लागले तर आपला फायदा, असे काहींना वाटते. तसे नसते. एकरी टनेजचा अंदाज फुगतो, प्रत्यक्षात ऊस कमी भरतो, आणि "बाकीचा ऊस गेला कुठे?" अशी विचारणा तुम्हालाच होते. कमी क्षेत्र लागले तर टोळी आणि वाहने कमी लागतात, आणि थोडा ऊस उभा राहून जातो. दोन्हीकडून तोटाच.

आणखी एक खुलासा. आमची ही मोजणी उभ्या उसाची आहे, जमिनीच्या मालकीची नाही. सातबारा, हद्द, पोटहिस्सा यांच्याशी तिचा संबंध नाही. हद्दीची मोजणी भूमि अभिलेख खाते करते. त्यांची आजची रोव्हर यंत्रे सेंटिमीटरच्या हिशेबात काम करतात, आमची मीटरच्या. आमच्या यंत्राचा पडदा दाखवून बांध कोरायला कोणी निघाले तर तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल.

सभासदांनी काय करावे?

१. तुमच्या गावात फेरतपासणीचा दिवस जाहीर झाला की स्वतः किंवा घरातले जाणते माणूस बांधावर हजर ठेवावे. जुनी नोंद-चिठ्ठी जवळ असावी.

२. चिटबॉयबरोबर कडेने चालावे. उसाच्या शेवटच्या सरीला लागून चालायचे, बांधाच्या माथ्यावरून नव्हे. जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचे. कोपऱ्यावर क्षणभर उभे राहायचे, कोपरा तोडायचा नाही.

३. ऊस लहान आहे तोवरच मोजणी करून घ्यावी. डोक्यावर गेलेल्या उसात लहरी अडतात.

४. यंत्रात क्षेत्र एकरात आहे की हेक्टरात, हे विचारावे. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ०.४० हेक्टर. एकराचा आकडा हेक्टर म्हणून लिहिला गेला तर अडीचपट घोटाळा होतो.

५. नवी चिठ्ठी हातात आल्यावर पाच गोष्टी वाचाव्यात: सभासद क्रमांक, गट नंबर, जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र. वाचता येत नसेल तर मुलाकडून, सुनेकडून वाचून घ्यावे. पटले तरच सही करावी. न पटल्यास तसे चिठ्ठीवरच लिहावे. असे लिहिल्याचा राग कोणी धरणार नाही.

६. एकाच गटात भावाभावांचे वेगवेगळे प्लॉट असतील तर प्रत्येकाची वाट वेगळी चालून घ्यावी. एकत्र मोजून मागाहून कागदावर वाटणी करू नये.

जुने यंत्र जाते, नवे येते. आणखी काही वर्षांनी हेही जुने होईल आणि पुन्हा हेच काम करावे लागेल. त्या वेळी अडचण येऊ नये म्हणून या खेपेला प्रत्येक नोंद सभासद क्रमांकासह, एकाच साच्यात, दोन ठिकाणी जपून ठेवत आहोत. पण यंत्र कितीही चांगले असले तरी ते रान ओळखत नाही. आपले रान ओळखतो तो त्यात राबणारा. म्हणून तपासणीच्या दिवशी एक तास मोडा आणि बांधावर या, एवढीच विनंती.